फवाऱ्याचे सिम्युलेशन स्वच्छ, पण भट्टीत पुन्हा पुन्हा कार्बन : दोष कोठे शोधावा

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल आणि चादरींचे सूत रंगवणारे एक प्रोसेस हाउस आहे. तेथे फर्नेस ऑइलवर चालणारा, ताशी ३ टन वाफ देणारा बॉयलर आहे. त्याच्या भट्टीच्या नळीत दर तीन-चार आठवड्यांनी कार्बनचा थर जमत असे. बॉयलर थंड करायचा, सळईने थर खरवडून काढायचा, तेल फवारणाऱ्या नोझलची टिप धुऊन बसवायची आणि पुन्हा चालू करायचे, हे तेथील लोकांच्या अंगवळणी पडले होते. मी त्या बर्नरच्या फवाऱ्याचे संगणकीय प्रतिमान तयार केले, तेव्हा त्यात ज्योत मध्यावर सुबक दिसत होती, तेल पहिल्या मीटरभरातच संपत होते आणि भिंतीवर काहीही पोचत नव्हते. गणन नीट स्थिरावले होते आणि वस्तुमानाचा हिशेबही जुळत होता. प्रत्यक्ष भट्टीत मात्र बर्नरच्या तोंडापासून सुमारे ६० सेंटिमीटरवर, समोरून पाहिले असता घड्याळातील चार ते सहाच्या दरम्यान, हाताच्या पंजाएवढा कार्बन ठरल्याप्रमाणे जमतच होता.

बॉयलर अटेंडंटने सळईने काढलेला एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. भिंतीकडची बाजू गुळगुळीत काळी, आतली बाजू बारीक भोकांची आणि एकूण तुकडा आपल्याकडच्या कडक भाकरीसारखा कुरकुरीत मोडणारा होता. त्यांनी विचारले, “साहेब, हे तुमच्या कॉम्प्युटरात कुठं दिसतंय?” तो प्रश्न रास्त होता. प्रतिमानाने प्रत्यक्षात घडणारा बिघाडच दाखवला नाही, तर त्यातील रंगीत चित्रे कितीही देखणी असली तरी त्यांच्यावर बर्नरचा निर्णय घेता येत नाही.

हीच तक्रार मी नंतर इतर बर्नरांच्या बाबतीतही पाहिली आणि प्रत्येक वेळी पहिली धाव चुकीच्या दिशेने गेलेली आढळली. आपण मेश (गणनासाठी भट्टीच्या जागेचे पाडलेले छोटे खण) आणखी बारीक करतो, प्रवाहातील खळबळीचे प्रतिमान बदलतो, गणनाच्या फेऱ्या वाढवतो. मीही दोन आठवडे हेच केले आणि ज्योतीच्या आकारात थोडाफार फरक पडण्यापलीकडे काही हाती लागले नाही. माझे ठाम मत असे झाले आहे की, अशा प्रसंगी दोष बहुधा समीकरणे सोडवणाऱ्या भागात नसतो, तर नोझलच्या तोंडाशी आणि भिंतीवर आपण स्वतः भरलेल्या आकड्यांत असतो. म्हणून पुढील तपासणी मी ज्या क्रमाने करावी असे म्हणतो, त्याच क्रमाने मांडली आहे.

भिंतीवर थेंबाचे काय होते, हे आधी पाहा

अँसिस फ्लुएंट या प्रवाहाचे गणन करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये थेंबांसाठी भिंतीची मूळ अट ‘रिफ्लेक्ट’ असते, म्हणजे भिंतीला लागलेला थेंब चेंडूसारखा उसळून परत ज्योतीत येतो आणि तेथे निवांतपणे वाफ होऊन जळतो. ही अट आपण बदलली नाही, तर भिंतीवर कार्बन दिसण्याची शक्यताच उरत नाही, मग बाकीचे आकडे कितीही अचूक असोत. माझ्या पहिल्या प्रतिमानात नेमके हेच झाले होते.

त्यावर तातडीचा उपाय म्हणून अनेक जण ‘ट्रॅप’ निवडतात, पण तेथेही एक खाच आहे. ट्रॅप निवडल्यावर बाष्पशील थेंबाचे उरलेले सगळे वस्तुमान त्याच क्षणी वाफेच्या रूपाने भिंतीलगतच्या वायूत सोडले जाते, त्यामुळे भिंतीजवळ एक खोटी ज्योत तयार होऊ शकते आणि तापमानाचे चित्र बिघडते. निदानापुरते पाहायचे असेल, तर भिंतीला ‘एस्केप’ (भिंतीला लागलेला थेंब गणनातून बाहेर जातो) ही अट देऊन तेथून किती वस्तुमान, कोणत्या व्यासाचे आणि नळीच्या कोणत्या भागातून बाहेर गेले याची नोंद घ्यावी. जळण्याचा एकूण हिशेब तेवढ्या तेलाने कमी भरेल, पण तेवढे तेल भिंतीवर जाते आहे हेच आपल्याला शोधायचे असते.

यातून दुसरी गोष्ट निघते. गणन पुरेसे झाले की नाही हे ठरवताना ज्योतीच्या कमाल तापमानाकडे किंवा चिमणीतील ऑक्सिजनकडे पाहून चालणार नाही. भिंतीवर दर तासाला पोचणारे द्रव तेल हाच आकडा फेरीगणिक नोंदवावा आणि तो स्थिर झाल्याशिवाय गणन थांबवू नये. तापमान स्थिर झाल्यानंतरही हा आकडा बराच वेळ हलत राहतो, असा माझा अनुभव आहे.

रोझिन-रॅम्लरमधील व्यास आणि सॉटर व्यास एकच नाहीत

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातील सर्वांत महागडी चूक ही आहे आणि ती होण्याचे कारणही साधे आहे. नोझलच्या माहितीपत्रकात किंवा प्रायोगिक सूत्रात जो सरासरी व्यास मिळतो, तो सॉटर सरासरी व्यास असतो, म्हणजे ज्या थेंबाच्या घनफळाचे पृष्ठभागाशी असलेले प्रमाण संपूर्ण फवाऱ्याच्या प्रमाणाइतके आहे त्या थेंबाचा व्यास. संगणकाच्या चौकटीत मात्र रोझिन-रॅम्लर वितरणाचा ‘सरासरी व्यास’ मागितला जातो. हे वितरण १९३३ साली दळलेल्या कोळशाच्या बारीकपणासाठी मांडले गेले आणि त्यातील व्यास म्हणजे ज्याच्यापेक्षा मोठ्या थेंबांत एकूण वस्तुमानाचा ३६.८ टक्के भाग असतो तो व्यास. दोन्हींना ‘सरासरी’ म्हणत असल्याने एकाच्या जागी दुसरा बसतो आणि प्रोग्रॅम काहीही कुरकूर करत नाही.

या बर्नरसाठी आकडे असे होते. वीस बार दाब आणि योग्य तापलेले तेल धरल्यास सॉटर व्यास सुमारे ८५ मायक्रॉन येत होता आणि विखुरण्याचा घातांक (तो जितका मोठा, तितके थेंब सारख्या आकाराचे) मी २ धरला होता. घातांक २ असताना रोझिन-रॅम्लर व्यास हा सॉटर व्यासाच्या सुमारे १.७७ पट असतो, म्हणजे चौकटीत १५० लिहायला हवे होते आणि मी ८५ लिहिले होते. आता ३०० मायक्रॉनपेक्षा मोठ्या थेंबांकडे पाहा. व्यास १५० धरला तर त्यांच्यात वस्तुमानाचा १.८ टक्के भाग येतो. बर्नर ताशी २०० किलो तेल जाळत असल्यास हे ताशी साडेतीन किलोहून अधिक तेल झाले. व्यास ८५ धरला तर तोच भाग दहा लाखांत चार इतका उरतो, म्हणजे तासाला ग्रॅमभरसुद्धा नाही. भट्टीत कार्बन करणारे थेंब मी प्रतिमानातून स्वतःच्या हातानेच काढून टाकले होते.

मोठ्या थेंबांचे एवढे कौतुक का, असे कोणी विचारील. थेंब संपायला लागणारा वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८५ मायक्रॉनचा थेंब ज्या वेळात संपतो त्याच्या जवळजवळ साडेबारापट वेळ ३०० मायक्रॉनच्या थेंबाला लागतो. शिवाय जड थेंबाला हवा सहज अडवू शकत नाही, तो आपल्या रेषेत पुढे जातच राहतो. भट्टीची नळी ८० सेंटिमीटर व्यासाची असेल, तर मध्यापासून भिंत अवघ्या ४० सेंटिमीटरवर असते आणि एवढ्या अंतरात त्याला संपायला वेळ मिळत नाही. सरासरी थेंब ज्योत कशी दिसेल ते ठरवतो, पण भिंतीवर काय जमेल ते वितरणाच्या टोकाचे थेंब ठरवतात. म्हणून वितरणाची वरची मर्यादा भरतानाही हात आखडता घेऊ नये. मी सुरुवातीला २०० मायक्रॉनची मर्यादा घातली होती आणि तिनेही तेच नुकसान केले असते.

घातांकाबद्दलही एक सांगायला हवे. बहुतेक फवाऱ्यांत तो दीड ते चारच्या दरम्यान असतो. तो ३ केला की सॉटर व्यासाला गुणण्याचा आकडा १.७७ ऐवजी सुमारे १.३५ होतो आणि टोकाचे थेंब झपाट्याने कमी होतात. मोजमाप हाती नसेल, तर २ आणि ३ अशा दोन्ही किमतींनी गणन करून भिंतीवरील तेलाचा आकडा किती बदलतो ते पाहावे.

पार्सलांची संख्या

संगणक प्रत्येक थेंबाचा माग काढत नाही, तर सारख्या थेंबांचे गट, म्हणजे पार्सल, सोडतो. समान वस्तुमानाची ५०० पार्सले सोडली आणि टोकाच्या थेंबांत वस्तुमानाचा १.८ टक्के भाग असला, तर त्यांच्या वाट्याला जेमतेम ९ पार्सले येतात. नऊ पार्सलांवर काढलेल्या अंदाजात एक-तृतीयांश इतकी चढउतार केवळ योगायोगाने होते, आणि भिंतीवरील आकडा प्रत्येक फेरीला उड्या का मारतो याचे कारण बरेचदा एवढेच असते. पाच हजार पार्सले केली की ती चढउतार दहा टक्क्यांवर येते.

वेग छिद्राच्या पूर्ण क्षेत्रफळावरून काढू नये

दाबावर चालणाऱ्या स्वर्ल नोझलमध्ये तेल तिरप्या खाचांमधून गोल कक्षात शिरते, गरगर फिरते आणि छिद्रातून बाहेर पडताना मध्यभागी हवेचा गाभा राखून फक्त कडेने पातळ पडद्यासारखे वाहते. छिद्राचे संपूर्ण वर्तुळ तेलाने भरलेले नसते. तरीही प्रवाह भागिले क्षेत्रफळ असा हिशेब करून वेग भरण्याची सवय सर्रास आढळते. दोन मिलिमीटरच्या छिद्रातून ताशी २०० किलो तेल, घनता घनमीटरला ९०० किलो, असा हिशेब केला तर सेकंदाला सुमारे २० मीटर वेग येतो. वीस बार दाबातून मिळू शकणारा वेग बर्नुलीच्या समीकरणाने सुमारे ६७ मीटर येतो आणि नोझलमधील घर्षणाची वजावट केली तरी तो ५० मीटरच्या आसपास राहतो. अडीचपट कमी वेगाने सोडलेले मोठे थेंब भिंतीपर्यंत पोचण्याआधीच हवेबरोबर वळून जातात, त्यामुळे ही चूकही कार्बन लपवण्याच्याच बाजूची आहे.

आपल्या प्रतिमानात शंकूच्या आकाराचे इंजेक्शन वापरले असेल, तर भरलेला वेग हा शंकूच्या दिशेचा आहे की अक्षाच्या, तेही एकदा तपासावे. फवाऱ्याचा एकूण कोन मागितला आहे की अर्धा कोन, याबद्दलचा गोंधळ तर मी अनुभवी लोकांकडूनही झालेला पाहिला आहे.

तेलाचे तापमान कोठे मोजले आहे

हा भाग संगणकासमोर बसून सुटत नाही, बॉयलर हाउसमध्येच जावे लागते.

तेलाच्या दाखल्यावर विस्कॉसिटी, म्हणजे तेलाचा घट्टपणा, ५० अंश सेल्सिअसला १८० सेंटीस्टोक लिहिलेली होती. भारतीय मानक १५९३ प्रमाणे मध्यम विस्कॉसिटीच्या दुसऱ्या प्रतीची ही वरची मर्यादा आहे. असे तेल १०० अंशांना सुमारे २५ सेंटीस्टोक असते, ११८ अंशांना साडेपंधरा आणि १२० अंशांना १५ च्या किंचित खाली. दाबावर चालणाऱ्या बर्नरला टिपेशी साधारण १५ सेंटीस्टोक तेल लागते, म्हणून हीटर ११८ अंशांवर लावलेला होता आणि मीही प्रतिमानात ११८ अंशच घेतले होते. तापमापक मात्र हीटरच्या तोंडाशी होता, बर्नरशी नव्हता. मधल्या ११ मीटर पाइपाचे लॅगिंग (उष्णता राखणारे आवरण) कधीतरी गळतीच्या दुरुस्तीसाठी काढलेले आणि परत न बसवलेले होते. पृष्ठभागाचे तापमान मोजणारा तापमापक बर्नरच्या अगदी आधीच्या पाइपाच्या बाकाला लावल्यावर दिवसपाळीत १०४ अंश आढळले. उघड्या पाइपातून मीटरला सव्वाशे-दीडशे वॉट उष्णता जात असेल, तर एवढ्या प्रवाहात ही घसरण अगदी हिशेबात बसणारी आहे. तेल कमी वाहिले तर तेवढीच उष्णता थोड्या तेलातून जाते आणि घसरण वाढते.

रात्रपाळीत नेमके तेच होत होते. रात्री रंगाच्या थोड्याच यंत्रांना वाफ लागते, म्हणून पंपाचा दाब २० बारवरून १२ बारवर आणण्याची पद्धत होती. ही गोष्ट कोणी लपवली नव्हती, मी कधी विचारलीच नव्हती. बारा बारवर प्रवाह ताशी सुमारे १५५ किलोवर येतो आणि टिपेशी तेल १०० अंशांपर्यंत उतरते. दाब कमी झाल्याने थेंब सुमारे १६ टक्क्यांनी आणि विस्कॉसिटी १५ वरून २५ वर गेल्याने आणखी ९ टक्क्यांच्या आसपास वाढतो, कारण प्रचलित सूत्रांत सॉटर व्यास विस्कॉसिटीच्या ०.१६ ते ०.२ या घाताने बदलतो. दोन्ही मिळून ८५ चा व्यास १०७ मायक्रॉनवर जातो, रोझिन-रॅम्लर व्यास १९० होतो आणि ३०० मायक्रॉनच्या वरच्या थेंबांचा वाटा १.८ टक्क्यांवरून ८ टक्क्यांच्या पुढे जातो. सरासरी पाव पटीने वाढली आणि टोकाचे थेंब साडेचारपट झाले. प्रवाह कमी असूनही रात्री अशा थेंबांतून जाणारे तेल ताशी जवळजवळ १३ किलो होते. हे सगळेच भिंतीवर पोचते असे नाही, पण त्यातला थोडा भाग पोचला तरी तीन आठवड्यांत थर जमायला तो पुरेसा आहे.

येथे प्रतिमानातील एक सापळा आवर्जून सांगतो. थेंबांचे व्यास आपण स्वतः भरले आणि थेंब फुटण्याचे प्रतिमान बंद ठेवले, तर तेलाच्या गुणधर्मांत विस्कॉसिटी दुप्पट केली तरी फवारा तसूभरही बदलत नाही, कारण त्या आकड्याचा उपयोगच होत नाही. मी एकदा तसे करून पाहिले, काही फरक पडला नाही आणि तेलाच्या तापमानाचा या बर्नरवर परिणाम नाही असा चुकीचा शेरा माझ्या टिपणात लिहिला. तापमान बदलले की व्यास सूत्राने पुन्हा काढून हातानेच भरावा लागतो.

एकाच बाजूला जमणारा कार्बन

कार्बन चार ते सहाच्या दरम्यानच का जमतो, याचे उत्तर माझ्या प्रतिमानात मिळणे शक्यच नव्हते, कारण वेळ वाचवण्यासाठी मी वर्तुळाचा केवळ ३० अंशांचा भाग घेऊन बाकी सगळे तसेच आहे असे धरले होते. एका बाजूचा बिघाड शोधायचा असेल, तर पूर्ण ३६० अंशांची भट्टी घ्यावीच लागते.

थर खालच्या अंगाला आहे म्हणून गुरुत्वाकर्षण बंद राहिले असेल अशी शंका पुष्कळांना येते. तो हिशेब क्षणात होतो: भिंतीपर्यंत पोचायला सेकंदाचे तीन शतांश लागले, असे सढळ हाताने धरले तरी तेवढ्या वेळात थेंब साडेचार मिलिमीटरसुद्धा खाली येत नाही. गुरुत्व चालू ठेवावे, पण कारण दुसरीकडे शोधावे.

आम्ही ते टिपेतच शोधले. टिप काढून, आवारात बॉयलरपासून दूर, हातपंपाला जोडून पाण्याचा फवारा बादलीवर सोडला आणि मागे काळे कापड धरून मोबाइलने फोटो काढले. तेलाने असा प्रयोग कधीही करू नये, आणि पाण्याचा प्रयोग झाल्यावर टिप पूर्ण कोरडी करूनच बसवावी. फवाऱ्याच्या पडद्यात एका बाजूला जाड पट्टा स्पष्ट दिसत होता. टिप उघडून स्वर्ल चेंबरची चकती भिंगाखाली धरली, तेव्हा चार खाचांपैकी एकीत अर्ध्या उंचीपर्यंत घट्ट काळा गाळ बसलेला होता. आतापर्यंतच्या धुण्याने तो निघाला नव्हता, कारण धुणे वरवरचे होते. तो डिझेलमध्ये भिजवून बांबूच्या काडीने काढला. पोलादी तार किंवा सुई छिद्रात घालू नये. तिचा एक ओरखडासुद्धा फवाऱ्यात कायमचा पट्टा पाडतो.

प्रतिमानात हे आणण्यासाठी एका शंकूऐवजी चार इंजेक्शने घेतली, प्रत्येकाला ९० अंशांचा भाग दिला, आणि पट्ट्याच्या बाजूच्या इंजेक्शनाला अधिक प्रवाह व मोठा व्यास दिला. ही जोडाजोड आहे हे मी मान्य करतो, पण नोझलच्या आतील प्रवाहाचे स्वतंत्र गणन न करता एका बाजूचा दोष दाखवण्याचा याहून सोपा मार्ग मला सापडला नाही.

थेंब फुटण्याचे प्रतिमान आणि मेश

थेंब फुटण्याची प्रचलित प्रतिमाने मुख्यतः मोटारींच्या इंजिनांसाठी घडली. टॅब आणि वेव्ह ही दोन्ही १९८७ ची आणि इंजिनातील इंधनाच्या फवाऱ्यासाठी मांडलेली. पोकळ शंकूच्या पडद्यासाठीचे लिसा हे १९९९ चे आणि पेट्रोल इंजिनाच्या इंजेक्टरसाठीचे. इंजिनात वायू दाबाखाली असतो आणि तेल शेकडो बारने येते. बॉयलरच्या भट्टीत दाब जवळजवळ बाहेरच्या हवेइतकाच असतो. तेथे थेंबांवर वायूचा जोर फारच कमी पडतो आणि छिद्रापासून थोड्या अंतरावरच थेंब फुटणे थांबते. टॅब तर थेंब वाजवीपेक्षा बारीक करण्याबद्दल ओळखला जातो. म्हणून मूळ स्थिरांक तसेच ठेवून ही प्रतिमाने चालू करण्यापेक्षा, बॉयलर नोझलच्या सूत्राने काढलेले व्यास थेट भरणे मला अधिक विश्वासार्ह वाटते.

मेशबद्दल थोडक्यात एवढेच की, थेंब वायूला जो धक्का देतो तो संपूर्ण खणात पसरवला जातो, त्यामुळे तोंडाजवळचा खण १० मिलिमीटरचा असला तर फवाऱ्याने ओढलेली हवा मंदावते. मी तोंडाजवळ २ मिलिमीटर ठेवून पुढे हळूहळू मोठा करतो. थेंबांच्या टकरींचे प्रतिमान चालू असेल, तर एका खणातील पार्सलेच एकमेकांना धडकतात असे धरले जाते आणि चौकोनी मेशवर फवारा फुलाच्या चार पाकळ्यांसारखा दिसू लागतो. असे चित्र दिसले तर ते नोझलचे नसून मेशचे आहे.

उरलेल्या दोन गोष्टी

फर्नेस ऑइल हा एकच पदार्थ नाही. तयार यादीतील इंधन तेलाचा थेंब एका उकळबिंदूला शेवटपर्यंत वाफ होऊन नाहीसा होतो. खऱ्या तेलातील हलका भाग आधी निघून जातो, जड भाग मागे राहून तडकतो आणि शेवटी पोकळ, सच्छिद्र कार्बनचा कण उरतो; हातावर ठेवलेल्या त्या तुकड्यातील भोके तीच होती. किमान दोन घटक आणि न उडणारा अवशेष धरल्याशिवाय थेंबाचे आयुष्य प्रतिमानात कमीच दिसणार.

दुसरी गोष्ट हवेची. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे येथील हवेचा दाब १०१ नव्हे तर ९६ किलोपास्कलच्या आसपास असतो, आणि प्रोग्रॅममधील मूळ आकडा मात्र समुद्रसपाटीचाच असतो. जानेवारीच्या पहाटेच्या १६ अंशांच्या हवेपेक्षा एप्रिल-मेच्या दुपारची ४२ अंशांची हवा सुमारे ८ टक्क्यांनी विरळ असते. पंखा हवा घनफळाने ढकलतो, वजनाने नाही. थंडीत २० टक्के जादा (जळायला लागते त्याहून अधिक) हवेवर बसवलेला बर्नर उन्हाळ्यात डँपर, म्हणजे हवेची झडप, तशीच ठेवून सुमारे १० टक्क्यांवर येतो. म्हणून एकाच हवामानाचे गणन पुरे मानू नये.

दुरुस्तीनंतर

पाइपाला लॅगिंग बसवले, तापमापक बर्नरच्या बाकाशी आणला, चकती दर पंधरा दिवसांनी उघडून साफ करण्याचे ठरवले आणि रात्रपाळीसाठी दाब उतरवण्याऐवजी लहान प्रवाहाची टिप लावून २० बार कायम ठेवले. टिप बदलताना प्रवाहाची खात्री डे टँकमध्ये (बर्नरला तेल देणाऱ्या छोट्या टाकीत) डिपस्टिक घालून, तासाभरात पातळी किती उतरली यावरून करून घेतली. सहा आठवड्यांनी भट्टी उघडली, तेव्हा त्या जागी फडक्याने पुसली जाईल एवढीच काजळी होती.

प्रतिमानाची खरी परीक्षा मात्र जुन्या, बिघडलेल्या स्थितीवर घेतली: १२ बार, १०० अंश, एका बाजूला जाड पट्टा, व्यास १९०, भिंतीला एस्केप. आता भिंतीवर तेलाचा डाग त्याच चार ते सहाच्या पट्ट्यात दिसतो, पण बर्नरच्या तोंडापासून ५५ सेंटिमीटरवर. खऱ्या डागाचा मध्य ६२ वर होता. फवाऱ्याचा एकूण कोन मी पाण्याच्या फोटोवरून ७२ अंश घेतला होता. पाण्यापेक्षा घट्ट तेल स्वर्ल चेंबरमध्ये मंद फिरते आणि शंकू अरुंद होतो, हे मी तेव्हा लक्षात घेतले नव्हते. कोन ६६ अंश केला तर सरळ रेषेच्या हिशेबाने डाग सुमारे सात सेंटिमीटर पुढे सरकतो. तो कोन घेऊन पूर्ण भट्टीचे गणन पुन्हा लावले आहे.